आप्पा, ती वाटी भरलेलीच होती

आप्पा, तुमच्या दहाव्याच्या आदल्या दिवशी काकींनी मला अंगणात बसवलं, पाण्याचा तांब्या पुढं केला आणि विचारलं, "गुर्जी, ह्यांच्या आवडीचं उद्या काय ठिवायचं?"

हा प्रश्न त्यांनी मला विचारायचा?

"आवं, निम्मा जलम पलटनीत गेला त्यांचा," काकी म्हणाल्या. "सुट्टीवर आलं तरी फुडं आसंल ते खायाचं आन् ताट घासून पालथं घालायचं. ह्ये पायजे, त्ये नगं, आसं कदी तोंडातनं आलं न्हाई. शनवारी पोरं घिऊन तुमच्या संगं रानात आसायचं. तुमास्नीच ठावं आसंल."

मला ठाऊक होतं. पाथरी. तीही शिजवलेली नाही. बांधावर मांडी घालून बसायचं, पानाची माती झटकायची आणि बाजरीच्या भाकरीबरोबर कच्चीच खायची. लष्करात इतकी वर्षं लंगर, म्हणजे जवानांचा भटारखाना, सांभाळलेल्या माणसाची आवड ही एवढी. "मी आणतो," असं म्हणून मी मोठ्या ऐटीत पिशवी घेऊन निघालो.

आणि मला ती सापडेना. हसा, खुशाल हसा. दोन पावसाळे तुमच्यामागं हिंडलेला माणूस अर्धा तास बांधावर ओणवा होऊन भलताच पाला उपटत होता. तेवढ्यात शेळ्यांमागून अनुजा आली. आपल्या शनिवारच्या पोरांच्या पलटणीची हवालदार, आता पाचवीत आहे. थोडा वेळ ती लांबूनच माझी धडपड बघत राहिली. मग जवळ येऊन म्हणाली, "सर, पाथरी का?" आणि माझ्या पायाशी असलेली चार पानं खुडून एक मोडून दाखवलं. "दूद येतंय बगा. जिमिनीला चिकटून आसती. मदला कोंब तेवडा ऱ्हाऊ द्यायचा." मूठ-मूठ करत तिनं पिशवी भरली आणि शेळ्या हाकत निघून गेली. वर्गाबाहेर ती माझ्याशी वर्षभरानंतर एवढं बोलली.

दुसऱ्या दिवशी कावळा लगेच शिवला. काकींनी डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, "काय सुदिक इच्छा मागं ठिवली न्हाई मानसानं." लोकांनी माना हलवल्या, मीही हलवली. पण आप्पा, माझं मागं राहिलंय. वर्षभर मला तुमच्यापाशी एक गोष्ट कबूल करायची होती. ती तुम्हाला माहीत होती, हे मला माहीत होतं, आणि तरी आपण दोघं पाऊसपाण्याबद्दल बोलत राहिलो. म्हणून आज शाळा सुटल्यावर सांगलीची एसटी सोडून दिली आणि ऑफिसात बसून तुम्हाला हे लिहितोय.

आपली ओळख कशी झाली ते आठवतं ना? मी सांगलीत, विश्रामबागेत वाढलेला माणूस. भाजी म्हणजे गाड्यावर मिळते ती, एवढंच माझं शेतीचं ज्ञान. बदली होऊन या वाडीत आलो, जवळच्या औंधात खोली घेतली, रविवारपुरता सांगलीला घरी जायचो, आणि शाळेत परसबाग करायची म्हणून हौसेनं वाफे केले. एक दिवस सगळ्या वर्गाला तण काढायला लावलं आणि फाटकाशी ढीग रचला. तुम्ही तिथून चालला होता. थांबलात आणि ढिगात हात घातलात.

"कुनी केलं ह्ये?"

"आम्ही. तण काढलं सगळं."

"आन् राखलं काय?"

"कोथिंबीर."

तुम्ही कोथिंबिरीकडं पाहिलंत. सात काड्या होत्या. "गुर्जी," तुम्ही म्हणालात, "तांदुळजा उपटला, घोळ उपटली, कुर्डू उपटला. आट दिसाची भाजी उकिरड्यावर आन् सात काड्यास्नी झारीनं पानी. मिल्ट्रीत आसता तर कोर्ट मार्शल झालं आसतं तुमचं."

पोरं खिदळली. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण तुम्ही तिथंच धुळीत बसलात, तो सगळा ढीग निवडलात आणि आमचा पोषण आहार शिजवणाऱ्या सुरेखावहिनींच्या हवाली केलात. त्या दिवशी खिचडीबरोबर तांदुळजाची भाजी झाली, आणि ज्या पोरांना घरी पालेभाजी म्हटलं की पोटात दुखायचं त्यांनी दोनदा मागून घेतली. स्वतःच्या हातानं उपटली होती ना.

तेव्हा शनिवारी दप्तर आणायचं नाही, असं नुकतंच सुरू झालं होतं. दप्तराविना पोरांचं करायचं काय, हा माझ्यापुढचा प्रश्न तुम्ही सोडवलात. सकाळी साडेसातला फाटकापाशी तुमची आरोळी यायची, "फॉलिन!" आणि एरवी प्रार्थनेला वाकडी उभी राहणारी पोरं सुतासारखी सरळ व्हायची. सुरेखावहिनींची अनुजा मोजदाद करायची, कारण ती हवालदार. तुम्ही पुढं, मधे पोरं, हजेरीपट घेऊन मी शेवटाला. हातपंपावरच्या बाया म्हणायच्या, "निगाली बगा शेंदाडशिपायांची पलटन." तुम्ही त्यांना कडक सलाम ठोकायचात.

रानात गेल्यावर मात्र तुमचा आवाज खाली यायचा. पोरांना कोणत्याही रोपाचं नाव पहिल्यांदा सांगायचा नाहीत. "बसा. बगा. हात लावा. वास घ्या. मग इचारा." कुर्डूचा शेंडाच खुडायचा, बूड ठेवायचं. एका जागची सगळी भाजी न्यायची नाही. एका पोरानं एकदा घोळीचं अख्खं रोप मुळासकट उपटलं, तर तुम्ही रागावला नाहीत. त्याला ते परत लावायला लावलंत, आणि पुढच्या शनिवारी ते जगलंय का बघायला मुद्दाम वाट वाकडी करून नेलंत. जगलं होतं. त्या पोरानं दुपारपर्यंत सगळ्या शाळेला ते सांगून बेजार केलं.

दर शनिवारी मला एक जुडी मिळायची आणि दर सोमवारी मी तुम्हाला तासगावच्या माझ्या सासुरवाडीचे मूठभर बेदाणे आणायचो. माझी बायको आधी नाक मुरडायची. "हे काय गवत आणलंय?" मग हळूहळू शनिवारी संध्याकाळी माझ्याआधी पिशवीकडं बघायला लागली. आमच्या कॉलनीत कुर्डूची भाजी होणारं आमचं एकच घर होतं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, सांगायला हवं होतं.

आता शेंदाडांकडं येतो. टाळत होतो.

भादव्यात बाजरीच्या रानात शेंदाडाचे वेल पसरतात. लिंबाएवढी, हिरवी, पट्ट्यापट्ट्यांची फळं. एक वेल गोड, त्याला लागून असलेला कडूजहर, आणि फळं ठेवली शेजारी तर सख्खी भावंडं. ओळखायची रीत एकच. नखानं टोक खरवडायचं, जिभेच्या शेंड्याला लावायचं, कडू निघालं तर थुंकून फळ टाकून द्यायचं. टोपलीत जाणारं प्रत्येक शेंदाड असं कुणाच्या तरी जिभेवरून गेलेलं असायचं. आणि नव्या पोराचा पहिला धडा म्हणजे तुम्ही त्याला मुद्दाम कडू द्यायचात. ते तोंड वेडंवाकडं करून थयथय नाचायचं आणि बाकीची हसून लोळायची. "गोड कुनालाबी कळतंय," तुम्ही म्हणायचात. "कडू येकदा लक्षात ऱ्हायलं मंजे झालं."

मी तो धडा कधी घेतला नाही. पोट नाजूक आहे म्हणालो. तुम्ही म्हणालात, "सायब लोकांचं आसतंयच."

आणि आपलं दुसरं भांडण चव नोंदवहीचं. शाळेत शिजलेलं अन्न पोरांना वाढण्याआधी शिक्षकानं चाखायचं, वहीत शेरा लिहायचा आणि सही करायची, असा नियम. मी रोज एकच शेरा लिहायचो, "चव चांगली". तुम्ही एकदा ती वही चाळलीत. "आवं गुर्जी, वरीसभर येकच चव? आमच्या लंगरात आसं लिवलं आसतं तर मेजर सायबानं वही तोंडावर मारली आसती."

"आप्पा, वही तपासायला साहेब येतात. मीठ कमी लिहिलं तर मलाच विचारतील."

"मग सांगायचं, कमी हुतं म्हनून. रांदनाऱ्याला त्याचं वाईट न्हाई वाटत. न चाकता चांगलं म्हनलं की वाटतंय."

तुम्ही स्वतः केलेली भाजी स्वतः कधी चाखायचा नाहीत. ती तुमची लंगरातली शिस्त. रांधणाऱ्याच्या जिभेला आपलं सगळंच बरं लागतं, चाखायला दुसराच पाहिजे, असं म्हणायचात. सुरेखावहिनींना शनिवारचा उपास. त्यामुळं शनिवारी तुमची भाजी झाली की वाटी माझ्या टेबलावर यायची. स्टीलची, काकींचं नाव कोरलेली. टाच आपटून तुम्ही म्हणायचात, "नमुना हाजिर, सायब." त्यावर मी दर वेळी ओशाळायचो आणि दर वेळी मला ते आवडायचं.

मागच्या वर्षीच्या त्या शनिवारी सकाळी मी पोरांना रानात निघण्याआधी एक भाषण दिलं. आठवड्यात हात धुण्याचा कार्यक्रम झाला होता, त्याची हवा डोक्यात होती. म्हटलं, आजपासून कुणी फळ चाटायचं नाही. एकमेकांचं उष्टं खाणं बरं नाही. शेंदाडं तोडायची, नळावर धुवायची आणि स्वच्छ टोपलीत घालायची. तुम्ही मला बाजूला घेतलंत.

"गुर्जी, जिभंबिगर शेंदाड वळकत न्हाई."

"आप्पा, पोरांना आत्ताच सवय लावायला पाहिजे. कडू निघालं तर शिजल्यावर कळेलच की. मी चाखतोच ना!"

पोरं बघत होती. त्यांच्यासमोर तुम्ही माझा शब्द कधी खाली पडू दिला नाहीत. "हुकूम," एवढंच म्हणालात.

मी चाखतोच ना. हे माझे शब्द आहेत आप्पा, दुसऱ्या कुणाचे नाहीत.

शेंदाडाच्या काचऱ्या शेंगदाण्याच्या कुटात परतून तुम्ही वाटी आणलीत तेव्हा मी कॉम्प्युटरपुढं होतो. कसली तरी माहिती बारा वाजायच्या आत भरायची होती आणि ती दर तिसऱ्या रकान्याला अडकत होती. "नमुना हाजिर, सायब." मी मान वर न करता म्हणालो, "ठेवा आप्पा, बघतो." थोड्या वेळानं तुम्ही दारातून विचारलंत, "वाडू का?" मी वही ओढली, "चव चांगली" लिहिलं, सही केली आणि म्हणालो, "वाढा."

वाटी तशीच होती. भरलेली. मी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

पुढचं तुम्हाला काय सांगायचं. बऱ्याच पोरांना कडू लागलं, त्यांनी ते ताटाच्या कडेला सारलं. पण तुमच्या पलटणीचा नियम होता की ताट साफ झालं पाहिजे, आणि अनुजा हवालदार. तिनं नाक दाबून सगळं संपवलं. तासाभरात ती आणि आणखी दोघं ओकायला लागली. अनुजा सगळ्यांत जास्त. जीपमध्ये घालून तिला दवाखान्यात नेलं, संध्याकाळपर्यंत सलाईन चाललं. दुसऱ्या दिवशी घरी आली, आठवडाभरात पळायलाही लागली. पण सुरेखावहिनींचं काय झालं असेल? स्वतः ज्या स्वयंपाकघरात रांधतात तिथंच स्वतःची पोर आजारी पडली. दवाखान्याच्या पायरीवर त्या तुम्हाला बोलल्या ते मी ऐकलं. तुम्ही मान खाली घालून उभे होता.

दवाखान्यातून ऑफिसात परत आलो तेव्हा टेबलावर वाटी नव्हती. बाहेर नळापाशी ती घासून पालथी घातलेली होती. म्हणजे ती भरलेली वाटी कुणीतरी उचलली होती. आणि घासून पालथी घालणारा माणूस शाळेत एकच होता.

पालकांची बैठक झाली. शाळा समितीच्या अध्यक्षांनी चव नोंदवही उघडून सगळ्यांना दाखवली. "गुर्जी, तुमची सई हाय. चव चांगली लिवलंय. मग पोरास्नी कडू कसं लागलं?"

मी उभा राहिलो. तोंड उघडलं. बदली होईल, चौकशी होईल, निलंबनाचा कागद येईल, घरच्यांना काय सांगायचं, एवढं सगळं त्या एका क्षणात डोक्यात आलं. आणि तेवढ्यात मागच्या भिंतीपासून तुमचा आवाज आला.

"गुर्जींच्या वाटीत कडू फोड आली नसंल. चूक माजी. निवडताना माजं ध्यान न्हवतं."

मी खाली बसलो. आप्पा, मी खाली बसलो! आयुष्यात इतकं सोपं काही केलं नाही आणि त्यानंतर इतकं जड काही वाहिलं नाही. हातपंपावरच्या बाया चुकीच्या माणसाला शेंदाडशिपाई म्हणत होत्या.

पोरांना रानात न्यायचं नाही आणि आप्पांनी शाळेत यायचं नाही, असं ठरलं. तुम्ही नमस्कार करून बाहेर गेलात. जाताना माझ्याकडं पाहिलंत का? मी तेव्हा वहीकडं बघत होतो, त्यामुळं मला सांगता येणार नाही.

मला वाटलं होतं, आता जुडी बंद होईल. पण पुढच्या शनिवारी शाळेच्या दगडी गडग्यावर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तांदुळजा होता. त्याच्या पुढच्या शनिवारी घोळ. हिवाळ्यात पाथरी. उन्हाळ्यात काही नसायचं तेव्हा चार चिंचा. माणूस दिसायचा नाही, नुसती जुडी. मला ती घ्यायची लाज वाटायची आणि तिथंच सोडून जायचीही. घरी बायको विचारायची, "आप्पा बरे आहेत ना?" मी म्हणायचो, "बरे आहेत." सोमवारी त्याच दगडावर मी बेदाणे ठेवायचो आणि ते नाहीसे व्हायचे. एवढाच आपला व्यवहार उरला होता.

एकदा धीर करून तुमच्या रानात आलो. तुम्ही मेंढरांना पाणी दाखवत होता. म्हटलं, "आप्पा, त्या दिवशी वाटी…"

"औंदा कुर्डू लय माजलाय बगा," तुम्ही म्हणालात.

"आप्पा, मला बोलायचंय."

"बोलायचं तर तितं बोला, गुर्जी. मेंढरास्नी सांगून काय उपेग?" आणि बादली उचलून चालायला लागलात.

मला त्या दिवशी तुमचा राग आला. वाटलं, या माणसाला माझी माफीसुद्धा नको. आता कळतं की मी तुमच्याकडं सुटका मागायला आलो होतो, आणि ती तुमच्या एकट्याच्या हातात नव्हती. तिथं म्हणजे सगळ्या गावापुढं, जिथं मी खाली बसलो होतो, हे मला कळलं होतं. मी दिवाळीनंतर बोलू, परीक्षेनंतर बोलू, शाळा उघडल्यावर बोलू करत राहिलो. तुम्ही वाट बघितली असेल का? शेवटच्या शनिवारी गडग्यावर जुडी नव्हती. मी जरा चिडूनच म्हटलं, आज आप्पा विसरले. वर्गात शिरलो तेव्हा पोरांनी सांगितलं.

परवा गुरुवारी शाळेत तुमच्यासाठी सभा घेतली. पटांगणात सतरंज्या घातल्या, तुमच्या वर्दीतल्या फोटोला हार घातला. काकी पुढं बसल्या होत्या. लोक चांगलं बोलले. शेवटी अध्यक्ष उठले. ते मनानं वाईट नाहीत. म्हणाले, "येक चूक सोडली, तर आप्पांनी ह्या पोरांसाटी लय केलं."

मी ऑफिसातून चव नोंदवही आणली. त्या दिवशी नळापासून उचलून कपाटात वर्षभर ठेवलेली ती वाटीही आणली. दोन्ही तुमच्या फोटोपुढं टेबलावर ठेवली आणि सांगितलं. की ती चूक आप्पांची नव्हती. शेंदाडं चाखून घेऊ नका असं मी सांगितलं होतं. आप्पांनी आणलेली वाटी मी न चाखता सही केली. आणि बैठकीत आप्पा माझ्यासाठी खोटं बोलले तेव्हा मी गप्प बसलो. एवढं बोलायला दोन मिनिटं लागली असतील, जास्त नाही.

मग स्वयंपाकघराच्या दारातून सुरेखावहिनी पुढं आल्या.

"वरीस लागलं व्हय गुर्जी, ह्ये सांगाया?"

"हो."

"वरीसभर ते म्हातारं माज्या दारावरनं खाली मान घालून जात हुतं. मी त्यास्नी घोटभर पानी इचारलं न्हाई. पोरीला म्हनलं, त्यांच्याकडं बगायचं सुदिक न्हाई." त्या रडायला लागल्या. "आता कुनाला पानी इचारू मी? सांगा की!"

माझं चुकलं एवढंच म्हणालो. काकी उठल्या, त्यांनी वहिनींना जवळ घेतलं. माझ्याकडं बघून एवढंच बोलल्या, "त्यांनी मला बी न्हाई सांगितलं कदी." त्यात राग होता की कौतुक, मला समजलं नाही. दोन्ही असावं.

मी वरच्या ऑफिसला लेखी कळवलंय, हेही तिथंच सांगितलं. तिकडून जे यायचं ते येईल. आणि सगळं सांगून झाल्यावर म्हटलं, शनिवारी सकाळी मी आप्पांच्या रानात जाणार आहे. ज्यांच्या घरच्यांची हरकत नसेल त्या पोरांनी यावं, घरच्यांनीही यावं. अध्यक्षांनी वाटी उचलून पाहिली. मग म्हणाले, "जावा. पर रीतीनं जावा."

आज सकाळी साडेसातला फाटकापाशी मी एकटाच होतो. पावणेआठलाही एकटाच. मनात म्हटलं, ठीक आहे, एकटा जाऊ. तेवढ्यात वळणावरून सुरेखावहिनी येताना दिसल्या, झपाझप, कपाळाला आठी. मागं अनुजा. आणि तिच्या मागं अकरा पोरं.

"मी बी येनार हाय," वहिनी म्हणाल्या. "काय करताय ते बगनार हाय."

"या की," मी म्हणालो. फॉलिन म्हणायची माझी हिंमत झाली नसती. अनुजानं म्हटलं. आवाज अगदी तुमचा नव्हता, पण पोरं सरळ झाली.

तुमच्या रानातली बाजरी निघाली आहे. धसकटांत शेंदाडाचे वेल तसेच आहेत. अनुजानं एक फळ तोडलं, नखानं टोक खरवडलं, जिभेला लावलं आणि पचकन थुंकली. ती ते फेकून देईल असं मला वाटलं. तिनं ते माझ्यापुढं धरलं.

"सर, तुमचं ऱ्हायलंय."

सगळी पोरं बघत होती. वहिनी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मी ते घेतलं आणि जिभेच्या शेंड्याला लावायचं सोडून गडबडीत चांगला तुकडाच तोडला. आप्पा, काय कडू असतं हो ते! कानाच्या पाळीपर्यंत गेलं. डोळ्यांत पाणी आलं, मी त्या धसकटांत थयथय नाचलो. "थुका सर, थुका!" पोरं ओरडत होती आणि हसून एकमेकांवर पडत होती. वहिनींनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतायत. हसत होत्या.

त्यानंतर मी काही सांगितलं नाही. अनुजानं सांगितलं. प्रत्येक फळ दोघांनी चाखायचं, तोडणाऱ्यानं एका टोकाला आणि शेजारच्यानं दुसऱ्या. म्हणजे उष्टंही नाही आणि चुकायचंही नाही. आपण दोघं त्या सकाळी भांडत बसलो, आणि पोरीनं फळाला दोन टोकं असतात एवढंच बघितलं. हे तुम्हाला ऐकवायला फार मजा आली असती.

शाळेत आल्यावर वहिनींनी काचऱ्या केल्या. "मला उपास हाय," म्हणाल्या, "मी काय चाकनार न्हाई." मी ऑफिसात येऊन बसलो. कॉम्प्युटर लावला नाही. थोड्या वेळानं अनुजा आली, दोन्ही हातांत तुमची वाटी. टेबलावर ठेवली आणि तिथंच उभी राहिली.

"ठेव, बघतो" हे तोंडात आलेलं मी गिळलं.

"आई म्हनली, वाटी मोकळी घिऊनच ये," ती म्हणाली.

मी खाल्लं. एक एक फोड, सावकाश. कुठंही कडू नव्हतं. शेंगदाण्याचा कूट, लसणाचा ठसका, आणि तो आंबूसपणा जो मी गेल्या वर्षी चाखायला हवा होता. मग वही ओढली. हात सवयीनं "चव" एवढं लिहून मोकळा झाला होता. थांबलो. पुढं लिहिलं, "बरी. मीठ थोडं कमी." आणि सही केली.

अनुजानं ते उलट्या बाजूनं वाचलं. दारात जाऊन ओरडली, "आई! मीठ कमी हाय!"

"किती कमी?" आतून आवाज आला. "इचार त्यास्नी!"

"चिमूटभर," मी सांगितलं आणि मोकळी वाटी तिच्या हातात दिली.